सासऱ्यांची जर्मन केबल

माझे सासरे एर्लांगेनला आले ते मे महिन्यात, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. बॅगेत चकल्या, मेतकूट, दोन स्वेटर आणि एक पाच मीटरची स्टीलची टेप. सासूबाई आल्या नव्हत्या. त्यांच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि शिवाय जर्मनीतली थंडी सोसत नाही हे त्यांनी जर्मनीत एकदाही न येता ठरवून टाकलं होतं. टेप कशाला आणलीत, असं मी विमानतळावरून घरी येतानाच विचारलं. "असू दे गं, लागते," एवढंच म्हणाले.

आम्ही दोघंही नोकरीवाले. नवरा रोज रेल्वेने न्युर्नबर्गला जायचा, गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहायला. माझं ऑफिस एर्लांगेनमध्येच, सायकलने दहा मिनिटांवर. तिथे मी हॉस्पिटलच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर तपासायचे, आठवड्यातून चार दिवस. शुक्रवार माझा स्वतःचा. त्यामुळे सासऱ्यांच्या वाट्याला मी आले आणि माझ्या शुक्रवारच्या वाट्याला सासरे.

त्यांचा सगळा जन्म टेलिफोन खात्यात गेला होता. आधी वीस वर्षं घाटातल्या कोअ‍ॅक्सियल केबलच्या देखभालीवर, आणि मग निवृत्त होईपर्यंत खात्याच्या ट्रेनिंग सेंटरवर शिकवायला. निवृत्तीला बारा वर्षं झाली तरी रस्त्याने चालताना त्यांची नजर जमिनीवर असायची. मला वाटायचं, वय झालं, ठेच लागू नये म्हणून बघत असतील. तसं नव्हतं. ते खाली काय काय पुरलंय याचा अंदाज घेत असायचे.

मी स्वतः इंजिनिअर, पण कोअ‍ॅक्सियल केबल म्हणजे टीव्हीच्या मागे खुपसायची पांढरी वायर, एवढीच माझी समज. एका शुक्रवारी दुपारी पास्ता करत होते. सासरे ओट्यापाशी आले, बरणीतून जाड नळीचा एक पास्ता उचलला, दुसऱ्या पुड्यातून स्पगेटीची एक काडी काढली आणि ती नळीत घालून माझ्या डोळ्यांसमोर धरली.

"ही बाहेरची नळी, तांब्याची. ही आतली तार, तीही तांब्याची. दोघींचा मध्य एकच. मधे हवा. तार नळीला टेकू नये म्हणून थोड्या थोड्या अंतरावर चकत्या. झाली केबल."

"एवढंच?"

"एवढंच. पण हे सुचायला किती वर्षं गेली!" आणि गाडी सुटली. साध्या टेलिफोनच्या तारेवरून माणसाचं बोलणं जायचं. पुढे रेडिओ आला, एका गावातलं गाणं दुसऱ्या गावाच्या स्टेशनला त्याच तारांवरून पाठवायला लागले, तर ते गाणाऱ्याला पडसं झाल्यासारखं पोचायचं. टेलिव्हिजनचं चित्र तर त्या तारेला झेपणारच नव्हतं. चित्राला फार रुंद रस्ता लागतो, आणि उघड्या तारेतून ते वाटेतच हवेत निसटून जातं. नळीत कोंडलं की निसटत नाही. "कल्पना इंग्रजांची, गणित अमेरिकनांचं," सासरे म्हणाले, "पण चित्र पाठवून गिऱ्हाइकाला दाखवलं ते जर्मनांनी. छत्तीस साली, इथे ऑलिंपिक झालं त्या वर्षी. बर्लिनहून लाइपझिगला केबल टाकली. दोन्हीकडे पोस्टात खोल्या केल्या. इथल्या माणसाला तिथल्या माणसाचा चेहरा दिसायचा, बोलता बोलता. पुढे तीच केबल दक्षिणेला आणली, न्युर्नबर्गवरून म्युनिकपर्यंत. म्हणजे आपल्या आसपासच कुठेतरी गेलेली असणार."

मी ऐकतच राहिले. पास्ता उतू गेला. सासऱ्यांनी गॅस कमी केला आणि हळूच म्हणाले, "त्याच्यासमोर हा विषय काढू नकोस हं."

'त्याच्यासमोर' म्हणजे त्यांच्या मुलासमोर. आणि मला एखादी गोष्ट काढू नकोस म्हटलं की ती संध्याकाळपर्यंतसुद्धा माझ्या पोटात राहत नाही. सासरे फिरायला बाहेर पडल्याबरोबर मी नवऱ्याला विचारलं. तो खो खो हसला.

"बाबांची केबल! तुझ्यावर पण टाकली का?"

मग कळलं ते असं. नवरा बारावीत होता. मॅच बघायला मित्र घरी जमले होते. जाहिराती लागल्या तेव्हा सासऱ्यांनी पोरांना ही गोष्ट सांगितली. एक जण म्हणाला, "काका, छत्तीस साली व्हिडिओ कॉल?" सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने नवरा हसला आणि वर म्हणाला, आमच्या बाबांना थोडं तिखटमीठ लावून सांगायची सवय आहे. तेव्हापासून त्यांच्या घरात कोणी काही फुगवून सांगितलं की ती 'बाबांची केबल' झाली. चुलतभावाने पकडलेला मासा केबल. आत्याच्या शेजारच्या बंगल्यातली सात कुत्री केबल.

"आणि बाबा काय म्हणाले तेव्हा?"

"काही नाही. चहा करायला आत गेले," नवरा म्हणाला आणि लॅपटॉपकडे वळला.

सोमवारी पाऊस होता, म्हणून ऑफिसला सायकल सोडून बसने निघाले. बसमध्ये सहज फोन काढून शोधलं. तीन थांबे गेले नसतील, सगळं समोर आलं. बर्लिन, लाइपझिग, न्युर्नबर्ग, म्युनिक, पोस्टातल्या खोल्या, सगळं. मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी रागच आला. पाच मिनिटांचं काम होतं आणि इतक्या वर्षांत त्या घरातल्या एकाही शहाण्याने ते केलं नव्हतं. सात वर्षं सून असलेली मीही त्यात आले. रात्रीच्या जेवणाआधी मी ते पान नवऱ्यासमोर धरलं. त्याने ते खालपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "हं. असेल." बापाच्या वीस वर्षांच्या बदनामीवर दोन शब्द. मी रागाने कोशिंबिरीत दुप्पट मीठ घातलं आणि ती मलाच खावी लागली.

सासऱ्यांना दाखवलं तर त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. "नेटवर काय, सगळंच असतं. हेही असतं आणि चंद्रावर गणपती दिसला हेही असतं. मला केबल दाखव."

"बाबा, ती कधीच काढून टाकली असेल!"

"पुरलेली केबल कोणी काढत नाही. खर्च कोण करणार?" मग ते जरा थांबले. "हे मला माझ्या मास्तरांनी तोंडी सांगितलं होतं. पुस्तकात मला कधी सापडलं नाही. मी मुलाला सांगितलं आणि माझ्या घरात मी थापाड्या ठरलो. जाण्यापूर्वी एकदा हात लावायचा आहे तिला. त्याचा हात धरून लावायचा आहे."

हे ते अगदी साधेपणाने म्हणाले. मी उगाच कपाट आवरायला लागले.

त्यानंतर त्यांच्या फिरण्याला जोर चढला. सकाळी नाश्ता झाला की टोपी, डायरी, टेप आणि माझी लांब छत्री घेऊन निघायचे. तीन-चार दिवसांनी विजयी मुद्रेने परत आले. त्यांना खुणा सापडल्या होत्या. घाटात केबलच्या मार्गावर खात्याचे दगड असायचे, दगडावर आकडे असायचे आणि त्या आकड्यांवरून केबल दगडापासून किती अंतरावर आहे ते कळायचं. इथे दगडांऐवजी पाट्या होत्या. वहीच्या पानाएवढ्या, भिंतींवर आणि कुंपणांवर ठोकलेल्या, काही लाल काठाच्या, काही निळ्या. वर अक्षर, खाली दशांशातले आकडे. "काय शिस्त आहे गं! एक पाटी जागची हललेली नाही," ते म्हणायचे. निळ्या पाट्यांवर त्यांचा विशेष जीव जडला. निळी म्हणजे टेलिफोनचीच, असा त्यांचा हिशोब.

आता कबूल करायला हरकत नाही. मी सात वर्षं त्या गावात राहत होते आणि त्या पाट्यांकडे एकदाही बघितलं नव्हतं. त्यामुळे मीही "वा बाबा!" म्हणत राहिले. डायरी भरत गेली. आमच्या गल्लीचा, पलीकडच्या गल्लीचा, बस-थांब्याचा नकाशा तयार झाला आणि त्यावरून केबलची रेघ थेट आमच्या इमारतीकडे यायला लागली.

तळमजल्यावर एक आजीबाई राहायच्या. ऐंशी पार केलेल्या, पण पाठ ताठ. इमारतीची नियमावली, म्हणजे हाउसऑर्डनुंग, त्यांना तोंडपाठ होती. कागदाच्या कचऱ्यात खोका चपटा न करता टाकला म्हणून त्यांनी आम्हाला चिठ्ठी लिहिलेली. माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजून एकदा वर विचारायलाही आल्या होत्या, सगळं ठीक आहे ना. त्यांच्या वाट्याच्या अंगणात स्ट्रॉबेरीचा वाफा होता आणि त्यात शेजारच्या मांजरालाही प्रवेश नव्हता.

शुक्रवारी दुपारी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात खालून आवाज आला. "हालो! हालो!!" वाकून बघते तर काय, सासरे आजीबाईंच्या स्ट्रॉबेरीत गुडघ्यांवर बसलेले. कुंपणापासून टेप ताणलेली. आणि माझ्या छत्रीचं टोक वीतभर मातीत. माझी पाचावर धारण बसली. एर्लांगेनमध्ये हे घर मिळवायला आम्हाला आठ महिने लागले होते, आणि या बाईंची एक तक्रार घरमालकाकडे गेली असती तर पुढचं मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मी घरातल्या चपला घालूनच जिने उतरले.

"तुमचे सासरे माझ्या वाफ्यात काय करतायत?" आजीबाईंनी विचारलं.

खोटं सुचलं असतं तर बोलले असते. "केबल शोधतायत," मी म्हणाले.

"यांना सांग," सासरे जागेवरूनच म्हणाले, "पाटीवर तीन पूर्णांक दोन उजवीकडे आणि चार पूर्णांक सात पुढे लिहिलंय. मी अगदी बरोबर जागेवर आहे."

मी भाषांतर केलं. आजीबाईंनी कुंपणावरच्या निळ्या पाटीकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे. "ती पाण्याची पाटी आहे," त्या म्हणाल्या. "नळाच्या व्हॉल्व्हची. आणि पाटीकडे पाठ करून मोजायचं असतं. तो व्हॉल्व्ह तिकडे आहे." त्यांनी बोट दाखवलं. रस्त्याच्या मधोमध एक लहानसं गोल लोखंडी झाकण होतं.

सासऱ्यांना शब्द कळायच्या आत बोट कळलं. ते त्या झाकणाकडे बराच वेळ बघत राहिले. "आमच्याकडे दगडाकडे तोंड करून मोजतात," असं पुटपुटले. छत्री उपसली, खड्डा हाताने बुजवला, कललेली दोन रोपं सरळ करून त्यांच्या बुंध्याशी माती दाबली. तीन आठवडे त्यांनी एर्लांगेनची नळ-योजना लिहून काढली होती. एरवी मला हसू आवरलं नसतं, पण त्यांचा चेहरा बघून हसवेना.

त्यामुळेच मी भडाभडा बोलून टाकलं. माझ्या मोडक्या व्याकरणात, हातवारे करत. की हे टेलिफोन खात्यातले आहेत, की युद्धाआधी इथे एक केबल होती, पोस्टात खोल्या होत्या, चेहरा दिसायचा, आणि यांचं कोणी खरं मानत नाही. आजीबाईंनी कुंपणावर हात टेकला.

"न्युर्नबर्गच्या पोस्टातली?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अस्सं. त्या खोलीत मी बसलेली आहे."

मी काही विचारणार, तेवढ्यात त्यांनी घड्याळ बघितलं. "आता दुपारची शांततेची वेळ आहे. अंगणात बोलायचं नसतं. रविवारी तीन वाजता कॉफीला या. सगळे या." आणि दार लावून घेतलं. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तो विषय काढला, पण नियम म्हणजे नियम.

वर आल्यावर मी सासऱ्यांना सांगितलं. ते खुर्चीत बसले, मग उठले, मग परत बसले. "कोण कोण जायचं?"

"आपण तिघं."

"त्याला कशाला? रविवार आहे, झोपू दे त्याला." आणि मग खिडकीकडे बघत, "तो हसेल गं."

तेव्हाच मी ठरवलं. "बाबा, मला वयस्कर लोकांचं जर्मन नीट कळत नाही," मी म्हणाले. "भाषांतराला तोच लागेल." ही शुद्ध थाप होती. कचऱ्याच्या डब्यांवरून मी त्या बाईंशी सात वर्षं त्याच जर्मनमध्ये हुज्जत घालत आले होते.

रविवारी तीनला एक मिनिट कमी असताना आम्ही दारात. नवरा कुरकुरत आलेला, कारण त्याला वाटत होतं वाफ्याबद्दल माफी मागायची आहे. टेबलावर त्याच वाफ्यातल्या स्ट्रॉबेरीचा केक. मी पहिला मोठा घास तोंडात भरला आणि नवऱ्याला खुणेने सांगितलं, तू बोल.

आजीबाई सासऱ्यांकडे बघून बोलायला लागल्या, वाक्यावाक्याला थांबत. नवरा ऑफिसच्या मीटिंगमधल्या आवाजात सांगू लागला. "बाबा, त्या म्हणतायत, त्या सहा वर्षांच्या होत्या. त्यांचे वडील बर्लिनला कामाला होते. आई त्यांना न्युर्नबर्गच्या पोस्टात घेऊन गेली. तिथे एक लहान खोली होती, अंधारी."

सासरे काटा हातात धरून स्तब्ध.

"आईने नवी टोपी घातली होती. पोस्टातल्या बाईने ती काढायला लावली, चेहऱ्यावर सावली पडते म्हणून. आईला फार राग आला. टोपी नवऱ्याला दाखवायलाच तर घातली होती." इथे आजीबाई स्वतःच हसल्या. "समोर एक काच होती. पोस्टकार्डाहून थोडी मोठी. तिच्यात..." नवरा थांबला.

"तिच्यात काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"तिच्यात त्यांचे वडील दिसले, बाबा."

त्याचा मीटिंगचा आवाज गेला होता.

आजीबाई पुढे सांगत होत्या. हललं की चित्र बिघडायचं, म्हणून आईने त्यांना खांद्याला धरून दाबून बसवलं होतं. वडिलांचं फक्त डोकं दिसत होतं. बाबांचे पाय कुठे गेले, असं विचारून त्यांनी भोकाड पसरलं आणि ठरलेली अर्धी मिनिटं त्या रडण्यातच गेली. "ती वर्षं वाईट होती," त्या म्हणाल्या, "पण मला तेव्हा तेवढंच कळत होतं. युद्धानंतर वडील परत आले तेव्हा मी आधी त्यांचे पाय बघितले."

"यांना विचार," सासरे पुढे सरकून म्हणाले, "चेहऱ्यावरून उजेडाचा एक ठिपका भराभर फिरायचा का? माझे मास्तर सांगायचे."

हे त्या फोनवरच्या पानात नव्हतं. नवऱ्याने आधी वडिलांकडे बघितलं, मग विचारलं. आजीबाईंनी दोन्ही हात डोळ्यांवर नेले. "हो, हो! डोळ्यांत जायचा!"

"हो म्हणतायत," नवरा म्हणाला.

सासरे मागे टेकले. आजीबाई केकचा दुसरा तुकडा कापता कापता सहज बोलल्या, जसं कोणी हवेबद्दल बोलावं. नवऱ्याने ते ऐकून काटा बशीत ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणतायत," तो बशीकडे बघत म्हणाला, "त्यांच्या मुलांना हे खरं वाटत नाही. मुलं म्हणतात, ममा, तू ते सिनेमात पाहिलं असशील."

"मग रागावल्या का मुलांवर? विचार ना."

त्याने विचारलं. आजीबाईंनी मान हलवली आणि एक छोटं वाक्य बोलल्या. मला ते कळलं होतं. मी केक गिळला आणि नवऱ्याकडे बघत राहिले. आता मला त्याची दया यायला लागली होती, पण मी तोंड उघडलं नाही.

"नाही म्हणतायत," तो म्हणाला. "रागावले नाही. फक्त..." त्याने कॉफीचा घोट घेतला. "फक्त सांगणं बंद केलं."

"हं," सासरे म्हणाले. "बरोबर आहे."

मग नवऱ्याने कप खाली ठेवला. "आणि बाबा, त्या म्हणतायत, तुम्हाला त्या केबलचं जे जे माहीत आहे ते सगळं सांगा. पहिल्यापासून. तेव्हा नीट ऐकलं नव्हतं, आता ऐकायचं आहे."

आजीबाई काहीच म्हणाल्या नव्हत्या. त्या सुरी पुसत होत्या. सासऱ्यांना जर्मनचा एक शब्द येत नव्हता, पण बाईंचे ओठ हलले नव्हते एवढं त्यांनाही दिसलं होतं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातला. मग आजीबाईंकडे न बघता ते मुलाकडे वळले.

"हं. तर आधी टेलिफोनची साधी तार घे," ते म्हणाले.